जुने लुगडे आणि कोरा चेहरा

दुपारची जेवणे आटोपून घरोघरी जरा सामसूम झाली, की गिरगाव-दादरच्या चाळींतून आणि पुण्याच्या वाड्यांतून एक ठरावीक आरोळी ऐकू येत असे. डोक्यावर भांड्यांनी भरलेली पाटी, काखेत कपड्यांचे बोचके, अशा थाटात बोहारीण जिना चढून येई आणि उंबऱ्याबाहेर बैठक मारी. पुढचा अर्धा-पाऊण तास मग त्या मजल्यावरील सगळ्या बायकांचा तिच्याभोवती मेळा जमे. एका पातेल्यासाठी चार लुगडी मागणारी बोहारीण आणि दोनांच्या वर एक चिंधीही न देण्याचा निर्धार केलेली गृहिणी यांच्यातील ती घासाघीस ज्यांनी लहानपणी ऐकली आहे, त्यांना ती विसरणे शक्य नाही. पाटी उचलून ती दोनदा तरी जिन्यापर्यंत जाई आणि दोनदा परत बोलावली जाई. दोन्ही पक्षांना हे आधीच ठाऊक असे.

या देवघेवीत पैसा कोठेच नसे, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. अंगावरचे जुने वस्त्र रोख पैशाला विकणे हे पांढरपेशा घरात कमीपणाचे वाटे. परंतु तेच देऊन एक चकचकीत डबा घेतला, तर ती विक्री न ठरता काटकसर ठरे. पितळेची भांडी गेली, ॲल्युमिनियम आले, मग स्टेनलेस स्टील आणि शेवटी प्लॅस्टिकचे टब व बादल्या आल्या. पाटीतील माल बदलला, तरी या व्यवहाराचे मर्म बदलले नाही. हा धंदा करणाऱ्या पुष्कळ स्त्रिया मूळच्या गुजरातेतील वाघरी समाजातील. हा समाज आता स्वतःला देवीपूजक म्हणवितो. मुंबई, अहमदाबाद, दिल्ली अशा शहरांतून त्यांची घरे पिढ्यान्‌पिढ्या याच कामावर चालत आली आहेत. दिल्लीच्या रघुबीरनगरात तर पहाट होण्यापूर्वीच जुन्या कपड्यांचा मोठा बाजार भरतो, आणि गल्लोगल्ली फिरून आणलेली गाठोडी तेथे घाऊक व्यापाऱ्यांपुढे सोडली जातात.

पण खरे पाहण्यासारखे असते ते बोहारणीचे कपडा पारखणे. ती कपडा हाती आला की प्रथम उजेडाकडे धरते. विरलेला भाग उजेडात चाळणीसारखा दिसतो; तेथे धुलाई, निळ आणि इस्त्री यांची काही मात्रा चालत नाही. मग दोन्ही अंगठ्यांत धरून ती तो आडवा ताणते. सदऱ्याची कॉलर व काख, विजारीचे गुडघे व बैठक, लुगड्याचा मधला भाग, ही तिची ठरलेली ठिकाणे. लुगडे सगळीकडे सारखे झिजत नाही. बसण्या-उठण्याचा ताण मध्यावर येतो. पदर व काठ मात्र वर्षानुवर्षे शाबूत राहतात. म्हणूनच पूर्वी घरोघरी दांड घालीत, म्हणजे फाटका मध्य कापून टाकून उरलेल्या दोन टोकांची जोडणी करीत, आणि लुगडे आणखी एक-दोन वर्षे चालवीत. दांड घातलेले लुगडे पुढे करून ते अखंड असल्याचा बहाणा करणारी गृहिणी बोहारणीच्या बोटांतून सुटत नसे.

तिच्या लेखी कपड्याची किंमत त्याच्या पुढच्या जन्मावरून ठरते. विजारीला सदऱ्यापेक्षा मोल अधिक, कारण ती रफू करून, उलटवून, इस्त्री करून कामकऱ्यास विकता येते. मऊ सुती लुगडे गोधडीला आणि बाळंत्यांना उत्तम. त्याहून जीर्ण सुताच्या चिंध्या कारखान्यांत यंत्रांचे तेल पुसावयास जातात, आणि तेथे सुताची जागा नायलॉनला घेता येत नाही, कारण नायलॉन तेल शोषीत नाही. खऱ्या जरीचा शालू असेल तर गोष्टच वेगळी. खरी जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली रुप्याची तार. रेशीम जाळले की रुपे हाती लागते. आजीच्या शालूवर एखाद्या घरी तीन डबे मिळाले म्हणून जो आनंद झाला असेल, त्याचा खरा हिशेब भट्टीवर झालेला असे.

आता ही बोहारीण दुर्मिळ होत चालली आहे. नव्या वसाहतींचे पहारेकरी तिला फाटकातून आत सोडीत नाहीत, घरातील बाई दुपारी कचेरीत असते, आणि कृत्रिम धाग्याचा कपडा ना गोधडीला उपयोगी ना यंत्र पुसावयास. नवा सदराच इतका स्वस्त झाला आहे, की जुन्याला रफू करण्याची मजुरी परवडत नाही. एवढे सांगून हा विषय ‘गेले ते दिवस’ म्हणून मिटविण्याची रीत आहे. परंतु जुन्या कपड्यांचा व्यापार बुडालेला नाही. तो जगभर पसरला आहे आणि पूर्वीपेक्षा कितीतरी मोठा झाला आहे. बुडाली आहे ती उजेडाकडे धरून पाहण्याची सोय.

घाना देशाची राजधानी आक्रा. तेथील कांटामांटो नावाच्या बाजारात युरोप-अमेरिकेतील लोकांनी दान केलेले किंवा टाकून दिलेले कपडे गठ्ठ्यांनी येतात. त्यांना तेथे ‘ओब्रोनी वावू’ म्हणतात. अर्थ असा, की मेलेल्या गोऱ्या माणसाचे कपडे. जिवंत माणूस इतकी चांगली वस्त्रे टाकील, ही गोष्ट प्रथम ज्यांनी हे गठ्ठे पाहिले त्यांना खरी वाटली नसावी. तेथील किरकोळ विक्रेती बाई गठ्ठा विकत घेते तो बांधलेला, न उघडता. पोलादी पट्ट्या तोडल्यावर आत चांगल्या विजारी निघाल्या तर महिना सुखाचा. डागाळलेले, फाटके, धुतल्यावर आकार हरवून बसलेले सदरे निघाले, तर कर्ज डोक्यावर. ही एक प्रकारची सोडतच होय, आणि नवा माल जसजसा हलका होत गेला तसतसे या सोडतीत हरणे वाढले. न विकला गेलेला माल गटारांत व समुद्रकाठी जाऊन पडतो. १ जानेवारी २०२५ च्या रात्री या बाजारास मोठी आग लागून त्याचा बराच भाग जळाला. तरी अल्पावधीतच व्यापाऱ्यांनी तेथे पुन्हा मांडवाचे खांब रोवण्यास आरंभ केला.

आपल्याकडे हा माल पोहोचतो तो मुख्यतः पानिपतास. मराठी माणसास पानिपत म्हटले की १७६१ आठवते. जगातील चिंध्यांच्या व्यापाऱ्यांना मात्र ते नाव लोकरीच्या पुनर्जन्माबद्दल ठाऊक आहे. टाकाऊ लोकरीचे कपडे पिंजून त्यांचे पुन्हा सूत काढण्याची युक्ती इंग्लंडात यॉर्कशरमधील बॅटली गावी बेंजामिन लॉ याने १८१३ च्या सुमारास काढली, असे मानतात. या सुतास ‘शॉडी’ म्हणतात, आणि हलक्या प्रतीच्या कोणत्याही वस्तूला इंग्रजीत जो शब्द लावतात तो हाच. बॅटलीचा तो उद्योग मागे पडला आणि पानिपताचा वाढला. परदेशी कपडा जसाच्या तसा बाजारात येऊन देशी मालावर गदा येऊ नये म्हणून तो कापून निकामी केलेला असावा लागतो. पानिपतात बायका जमिनीत रोवलेल्या पात्यांवर कोट व स्वेटर फाडतात, बटणे, चेनी व चिठ्ठ्या काढून टाकतात आणि रंगवार ढीग लावतात. रंगवार यासाठी, की तांबड्याचे तांबडेच सूत निघाले म्हणजे पुन्हा रंगविण्याचा खर्च वाचतो. त्या सुताची घोंगडी भूकंप-महापुरात मदत म्हणून वाटली जातात.

या बायकांविषयी २०१२ साली मेघना गुप्ता यांनी ‘अनरॅव्हल’ नावाचा एक छोटा माहितीपट केला. न वापरल्यासारखे दिसणारे कपडे ढिगाने फाडणाऱ्या त्या स्त्रियांनी आपल्यापुरता एक तर्क लढविला होता: त्या देशांत पाणी इतके महाग असावे, की कपडे धुण्यापेक्षा टाकून देणेच लोकांना परवडत असेल. हा तर्क चूक आहे, पण तो वेडगळ नाही. धडधाकट वस्त्र माणूस का टाकतो, हा प्रश्न त्यांना पडला आणि त्याला त्यांनी विचारपूर्वक उत्तर शोधले. वस्त्र झिजले म्हणून टाकले जात नाही, हे तर त्यांच्या डोळ्यांसमोरच होते.

मग ते का टाकले जाते? याचे एक उत्तर ते विकले कसे जाते यात आहे. बोहारीण कपडा हाताने घेते. नवा कपडा आज पुष्कळ ठिकाणी चित्रावरून घेतला जातो. आणि चित्राची एक सोय अशी, की ते उजेडाकडे धरून पाहता येत नाही.

छायाचित्रात फेरफार करण्याची विद्या संगणकाबरोबर आली, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः ती छायाचित्रणाइतकीच जुनी म्हणावी लागेल. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात म्युनिकच्या फ्रान्झ हान्फस्टेंगल याने एकाच व्यक्तीची दोन चित्रे शेजारी शेजारी मांडली. एक जसे उतरले तसे, दुसरे निगेटिव्हवर हात फिरविलेले. पाहणारे थक्क झाले. आणि या करामतीची सुरुवात फसवणुकीने झाली असेही म्हणता येत नाही. त्या काळच्या काचा निळ्या प्रकाशास हळव्या असत, तांबड्या-पिवळ्यास जवळजवळ आंधळ्या. त्यामुळे चेहऱ्यावरची किंचित लाली, पुटकुळ्या, वांग हे सर्व चित्रात काळेभोर डाग होऊन उतरे; माणूस प्रत्यक्षात दिसे त्यापेक्षा कितीतरी अधिक कुरूप दिसे. तेव्हा काचेने केलेली चूक दुरुस्त करणे, एवढेच प्रथम कारागिराचे काम होते. निगेटिव्हमध्ये काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे असते. सुरकुती ही तेथे पारदर्शक रेघ असते. त्या रेघेवर पातळ रोगण लावून, लांब टोक काढलेल्या पेन्सिलीने बारीक ठिपके भरले, की ती भरून निघे आणि कागदावर गाल गुळगुळीत उमटे. पण एकदा पेन्सिल हाती आली, की काचेची चूक कोठे संपली आणि वयाची खूण कोठे सुरू झाली हे कोण सांगणार? गिऱ्हाईक तर सांगणार नव्हते.

आपल्याकडील छायाचित्रकारांच्या दुकानांतही ‘टचिंग’ हा शब्द लवकरच रुळला. ‘मुलीचा फोटो पाठवा’ असे पत्र वरपक्षाकडून आले, की दुकानात जाऊन नेसत्या शालूनिशी उभे राहावे, आणि मागाहून वडिलांनी छायाचित्रकाराला जरा बाजूला घेऊन दोन शब्द सांगावेत, हा प्रकार पुष्कळ कुटुंबांच्या परिचयाचा आहे. ते दोन शब्द बहुतेक रंगाविषयीच असत. उजळ करून पाठविलेला तो चेहरा आणि चहाचे तबक घेऊन बाहेर आलेला चेहरा यांतील अंतर त्या बैठकीत कोणी बोलून दाखवीत नसे. पण ते ज्या एका व्यक्तीला पुरते कळत असे, तिला त्याबद्दल विचारण्याची पद्धत नव्हती.

याच सुमारास सिनेमातील चेहरा बाजारात उतरला. १९४१ साली लीला चिटणीस या लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेल्या पहिल्या भारतीय अभिनेत्री ठरल्या. त्यापूर्वी या साबणाबरोबर परदेशी नट्यांचे चेहरे येत. आता आपल्याच पडद्यावरचा चेहरा आला आणि साबणाचा व कांतीचा कार्यकारणभाव अधिकच खरा वाटू लागला. रंगाचा फवारा मारणारी एअरब्रशही वापरात होती. फेब्रुवारी १९९० मध्ये थॉमस व जॉन नॉल या भावांनी तयार केलेली फोटोशॉप ही आज्ञावली बाजारात आली, आणि जे काम कसबी हाताला दिवसभर लागे ते तासाभरात होऊ लागले. आज ते खिशातल्या फोनमध्ये, चित्र घेण्यापूर्वीच, न सांगता होते.

या सर्व चर्चेत नेहमी चेहऱ्याचाच विचार होतो. कपड्याचे काय? चित्रातील झगा मॉडेलच्या अंगावर इतका बेतशीर बसलेला दिसतो, याचे कारण पुष्कळदा तिच्या पाठीमागे असते. तेथे चिमटे लावून कापड ओढून घेतलेले असते. कॅमेऱ्याला ते दिसत नाहीत. चुण्या मागाहून संगणकावर पुसल्या जातात. याचा अर्थ असा, की विकत मिळणारा तो झगा त्या आकाराचा कधी नव्हताच. घरी आलेल्या पुडक्यातून तो निघतो, आरशासमोर अंगावर चढतो, आणि ‘हे आपल्याला शोभत नाही’ असे पाहणारीला वाटते. दोष झग्याचा असतो, पण शिक्षा शरीराला होते. झगा कपाटात जातो, कपाटातून गठ्ठ्यात, आणि पानिपतच्या बाईला वाटते, की त्या देशात पाणी महाग असावे.

ही शिक्षा किती खरी आहे, याचा एक पुरावा फिजी बेटांवरून मिळाला. तेथे भरदार बांधा हे सुदृढतेचे आणि घरात काळजी घेतली जात असल्याचे लक्षण मानीत. नद्रोगा प्रांतात १९९५ साली दूरचित्रवाणी आली. हार्वर्डच्या डॉ. ॲन बेकर यांनी त्याच वर्षी आणि पुन्हा १९९८ साली तेथील शाळकरी मुलींची पाहणी केली. खाण्याविषयीच्या वृत्तीत काळजी वाटावी इतका बिघाड दिसलेल्या मुलींचे प्रमाण पहिल्या पाहणीत १२.७ टक्के होते, ते दुसऱ्या पाहणीत २९.२ टक्के झाले. वजन घटविण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी मुलगी प्रथम एकही नव्हती, तीन वर्षांनी ११.३ टक्के होत्या. दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या होत्या, संख्याही थोडी होती, आणि दूरचित्रवाणी म्हणजे काही फेरफार केलेले छायाचित्र नव्हे. तेव्हा यावरून वाटेल तेवढा मोठा निष्कर्ष काढणे बरोबर नाही. तथापि शतकानुशतकांची एक आवड अवघ्या तीन वर्षांत डळमळू शकते, एवढे तरी त्यातून दिसते.

सरकारांनी यावर जे उपाय योजले ते बहुतांशी चिठ्ठी लावण्याचे. इस्राएलने २०१२ मध्ये कायदा केला, की जाहिरातीतील शरीर फेरफाराने बारीक केले असेल तर तसे छापावे, आणि ती सूचना जाहिरातीच्या निदान ७ टक्के जागेत असावी. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून अशा चित्रावर ‘सुधारलेले छायाचित्र’ असे लिहिणे सक्तीचे झाले. न लिहिल्यास ३७,५०० युरोपर्यंत दंड. नॉर्वेत असा नियम १ जुलै २०२२ रोजी अंमलात आला. ब्रिटनमध्ये जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या मंडळाने २०११ साली ज्युलिया रॉबर्ट्स व क्रिस्टी टर्लिंग्टन यांचे चेहरे असलेल्या प्रसाधनांच्या दोन जाहिराती बंद पाडल्या, कारण चित्रावरील हातसफाईने प्रसाधनाचा गुण फुगवून दाखविलेला नाही, हे कंपनीला पटवून देता आले नाही. यांतला हा शेवटचा मार्ग अधिक पोटतिडकीचा वाटतो: जो माल विकतो त्यानेच सिद्ध करावे.

चिठ्ठीचा उपाय ऐकावयास फार सयुक्तिक आहे. दुर्दैवाने तो लागू पडल्याचे दिसत नाही. ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठात मारिका टिगमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुण स्त्रियांना चिठ्ठी असलेली व नसलेली अशी चित्रे दाखवून प्रयोग केले. चिठ्ठीने स्वतःच्या शरीराविषयीची नाराजी कमी झाली नाही. ‘कंबर व मांड्या बारीक केल्या आहेत’ असे नेमके लिहिले, तेव्हा तर पाहणाऱ्यांची नजर बरोबर त्या कंबरेवर व मांड्यांवरच अधिक वळली. यात नवल करण्याजोगे फारसे नाही. पौराणिक चित्रातील लक्ष्मी प्रत्यक्ष कोणी पाहिलेली नसते, हे ठाऊक असूनही ‘लक्ष्मीसारखी सून’ मागितली जातेच.

भारतात जाहिरातदारांच्या स्वयंनियमन परिषदेने २०१४ मध्ये गोरेपणाच्या मलमांविषयी नियम घातले, की सावळ्या वर्णाची व्यक्ती दुःखी, अपयशी किंवा कमी प्रतीची दाखवू नये. १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या ‘फेअर अँड लव्हली’चे नाव २०२० साली ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. नावातून गोरेपणा गेला आणि तेज आले. वरपक्षाला पाठविल्या जाणाऱ्या चित्रांतून तो केव्हा जाईल, हे परिषदेच्या हाती नाही.

गंमत अशी, की जुन्या कपड्यांचा बाजारही आता चित्रांवरच चालू लागला आहे. लिथुएनियात २००८ साली सुरू झालेल्या ‘व्हिंटेड’सारख्या ठिकाणी लोक घरबसल्या आपले वापरलेले कपडे परक्यांना विकतात. येथे कपडा पलंगावर पसरून, खिडकीतल्या साध्या उजेडात त्याचे चित्र घ्यावयाचे. आणि या चित्रांचा एक रिवाज पडला आहे: डाग असेल तर डागाचे, उसवण असेल तर उसवणीचे स्वतंत्र चित्र घ्यावयाचे, भोकाचा आकार कळावा म्हणून वाटल्यास शेजारी बोट धरून. दोष लपविला तर माल परत येतो आणि विकणाऱ्याचे नाव जाते. अनोळखी बाई अनोळखी बाईला ‘काखेचा भाग दाखवा’ असे निःसंकोच लिहून विचारते. बोहारीण जे बोटांनी करी, ते येथे जमेल तितके डोळ्यांनी करण्याचा प्रयत्न चालतो.

त्याच सुमारास दुसऱ्या टोकाला काय चालले होते तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकन ‘व्होग’ मासिकाच्या ऑगस्ट २०२५ च्या अंकात ‘गेस’ या कंपनीची एक जाहिरात आली. तीत उन्हाळी कपडे घातलेली एक सोनेरी केसांची तरुणी होती. ती कोणीच नव्हती. संगणकाच्या कृत्रिम बुद्धीने ते चित्र बनविले होते, आणि तशी सूचना पानावर बारीक अक्षरांत छापलेली होती. वाचकांत बरीच चर्चा झाली, ती त्या तरुणीविषयी. तिच्या अंगावरचे कपडे मात्र दुकानात मिळत होते. ते विकत घेतले गेले असतील. त्यांच्या काखा घामाने विटतील, शिवण उसवेल, आणि कोठल्या तरी गठ्ठ्यातून ते कोणाच्या तरी हाती उजेडात येतील.